बेसिक गरज

‘बँडमध्ये तू काय वाजवतेस?’
‘बेस.’
‘म्हणजे गिटारच ना?’

हा संवाद माझ्या आयुष्यात किमान पन्नास वेळा झालाय. नाही हो, गिटार नाही. बेस! चार जाड तारा, लांबलचक मान आणि एक विचित्र नशीब. वाजत असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, थांबला की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं. आर. डी. बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बेस वाजवायचे. आरडींची गाणी आपल्या सगळ्यांना पाठ आहेत, पण वाझ यांचं नाव किती जणांना माहीत आहे? असो.

मी अमरावतीत राहते, फ्रीलान्स पत्रकारिता करते आणि रविवारी अकोल्याला जाते. आमचा चौघांचा बँड आहे. ड्रमर आणि गायक अकोल्याचे, कीबोर्डवाला आणि मी अमरावतीचे. कॉलेजची गॅदरिंग, लग्नातलं संगीत, नवरात्रातले कार्यक्रम, एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतं. ‘बँड’ हा शब्द आम्ही आपसात वापरतो, बुकिंग करणारे ‘ऑर्केस्ट्रा’च म्हणतात. माझ्या वाट्याला एका कार्यक्रमाचे दीड हजार येतात. म्हणजे रॉकस्टार वगैरे काही नाही, पण मोबाइलचं रिचार्ज आणि महिन्याचं पेट्रोल निघतं!

प्रॉब्लेम होता माझ्या ॲम्पचा. कॉलेजात असताना घेतलेला, १५ वॅटचा, ८ इंची स्पीकरचा. माझ्या खोलीत तो वाघ होता. ड्रमसेटच्या शेजारी ठेवला की मांजर! मला माझाच आवाज ऐकू यायचा नाही. मग काय होतं, तर बोटं आपोआप जोरात पडायला लागतात, फोड येतात आणि ताल मागे-पुढे होतो. बेस हलला की सगळं गाणं हलतं. एका रविवारी गायक अगदी प्रेमानं म्हणाला, ‘‘कीबोर्डवर डाव्या हातानं बेस निघून जाते ना यार. तू कोरसले येऊन जाय.’’

त्याचं चूक नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी ऑर्केस्ट्रांत बेसचं काम कीबोर्डवाल्याचा डावा हातच करतो. पण मला कोरसमध्ये जायचं नव्हतं.

हातात होते २२ हजार. फ्रीलान्सरचे २२ हजार म्हणजे काय, हे ज्यांना ‘पुढच्या महिन्यात नक्की करतो’ हे वाक्य पाठ आहे त्यांनाच कळेल. शिवाय याच पैशावर दुसरा हक्क होता. पुण्यात तिघींच्या शेअर फ्लॅटमधल्या माझ्या वाट्याच्या डिपॉझिटचा. आईनं एका वाक्यात विषय मिटवला, ‘‘पुण्याला जायचं तर जा, नाहीतर ते खोकं घे. एवढ्यात दोन्ही होत नाही.’’

मी खोकं घ्यायचं ठरवलं. पण कोणतं?

वॅटचा फंडा

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘‘किती वॅटचा दाखवू?’’ जणू वॅट म्हणजे किलो, जितके जास्त तितकं चांगलं. पत्रकार असल्याचा एक फायदा असतो, कुणालाही प्रश्न विचारायची लाज वाटत नाही. अकोल्यात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे जाऊन बसले. त्यांच्या टेबलावर अहुजाचे ॲम्प्लिफायर उघडे पडलेले, वर पंखा आणि बाहेर अकोल्याचं ऊन. काका मान वर न करता म्हणाले, ‘‘वॅट कायले मोजून राहिली बाई? आंधी स्पीकर पाय.’’

आता यामागचं गणित बघा. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला साधारण दुप्पट वाटावा असा आवाज हवा असेल तर वॅट दहापट लागतात. म्हणजे १५ वरून ३० वर जाण्यासाठी पैसे मोजायचे आणि कानाला थोडासाच फरक! त्यात बेसचं दुखणं वेगळं. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. इतका खोल सूर काढायला भरपूर हवा ढकलावी लागते आणि हवा वॅट ढकलत नाहीत, स्पीकरचा कागद ढकलतो. ८ इंचीवरून १० इंचीवर गेलं की स्पीकरचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त होतं. १२ इंचीवर गेलं तर सव्वादोनपट. लहान स्पीकरमधून मूळ सूर नीट निघतच नाही, त्याच्या वरचे सूर ऐकून आपला मेंदू खालचा सूर मनानं भरून घेतो. खोलीत ही फसवाफसवी खपते. ड्रम सुरू झाले की नाही.

‘घरातला गिटारचा ॲम्प आहे ना, त्यातच लाव की,’ असाही सल्ला मिळाला. हळू आवाजात चालतं. मोठ्यानं वाजवलं तर त्याचा स्पीकर फाटू शकतो, कारण तो इतक्या खोल सुरांसाठी बनवलेलाच नसतो. कीबोर्डचा ॲम्प मात्र चालतो, तो खालच्या सुरांचीही सोय ठेवून बनवलेला असतो. तुमच्या बँडमध्ये कुणाकडे जास्तीचा पडला असेल, तर आधी तो मागून बघा. शून्य रुपयांचं अपग्रेड!

आवाज कुणासाठी?

खरा प्रश्न मात्र तिसऱ्याच माणसानं विचारला. आमच्या कार्यक्रमांना साउंड लावणारे दादा. मी त्यांना विचारलं, की मोठ्या मंडपासाठी किती वॅट लागतील? ते हसले. म्हणाले, ‘‘मंडप आमचा हाय ना. तू मले फक्त साफ लाइन दे.’’

आणि डोक्यात ट्यूब पेटली. मोठ्या कार्यक्रमात हजार माणसांपर्यंत आवाज पोचवायचं काम माझ्या ॲम्पचं नाहीच. ते त्यांच्या मिक्सरचं आणि त्या भल्यामोठ्या स्पीकरच्या भिंतीचं. माझ्या ॲम्पनं दोनच गोष्टी करायच्या. मला आणि ड्रमरला बेस ऐकू आला पाहिजे, आणि मागून एक स्वच्छ लाइन मिक्सरला गेली पाहिजे. या लाइनला डीआय म्हणतात. बेसमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो, लांब वायरमध्ये तो घरघर पकडतो. डीआय त्याला बॅलन्स्ड करून पाठवतो, म्हणजे माइकच्या वायरसारखी पन्नास फूट वायर टाकली तरी टेन्शन नाही. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस बऱ्याचदा असाच, थेट मिक्सरमध्ये लाइन देऊन रेकॉर्ड झाला. त्या गाण्यांचा बेस आजही लोक शिकतात. तेव्हा ‘ॲम्प मोठा तर बेस मोठा’ हे डोक्यातून काढून टाका.

तिसरी अट माझी खासगी होती. वजन! अमरावती ते अकोला हा हायवे आता मस्त आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज रेकॉर्ड झालं होतं. पण रेकॉर्ड रस्त्याचं, एसटीत चढायचं मला असतं. एका खांद्यावर बेस आणि दुसऱ्या हातात १८ किलोचं खोकं घेऊन स्टँडवर धावून बघा. १९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा ॲम्प बेसवाल्यांचं दैवत आहे. तो आणि त्याचा आठ स्पीकरचा कॅबिनेट बघून मी लांबूनच नमस्कार केला.

सेकंड हँड झिंदाबाद

सगळ्या अटी एकत्र केल्या तर यादी आपोआप छोटी होते. १० इंची स्पीकर, डीआय आउट, हेडफोनचं सॉकेट (फ्लॅटमध्ये रात्री शेजारच्या काकूंशी संबंध टिकवायला) आणि १० किलोच्या आत. फेंडरचा रंबल ४० यात नेमका बसत होता. ४० वॅट, १० इंची स्पीकर, मागे डीआय आणि वजन ८ किलोच्या आसपास. त्याचा धाकटा भाऊ २५ वॅटचा आहे, पण त्यात स्पीकर ८ इंची आणि डीआय नाही. मोठा भाऊ १०० वॅटचा, १२ इंची. नवे माझ्या बजेटच्या बाहेर होते. मग शोध सुरू झाला जुन्याचा.

जुना ॲम्प घेताना काय बघायचं, ते काकांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं. सगळी बटणं फिरवून बघ, खरखर येते का. सगळ्यात जाड तार मोठ्यानं वाजव, स्पीकर फडफडतो का ते ऐक. डीआय खरंच मिक्सरला लावून बघ. अर्धा तास सलग चालू ठेव, कारण काही आजार ॲम्प तापल्यावरच वर येतात. आणि मागचं व्होल्टेज वाच! ज्यांचा मावसभाऊ अमेरिकेहून ‘स्वस्तात’ ॲम्प आणून देणार आहे, त्यांनी हे दोनदा वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. फक्त तिथल्यासाठी बनवलेला ॲम्प इथं थेट लावला तर गाणं सुरू व्हायच्या आधीच धूर. काकांची शेवटची सूचना मंडपासाठी होती. घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधी काढायची नाही. घरघर परवडते, शॉक नाही परवडत.

नोकरीसाठी बंगळुरूला निघालेल्या नागपूरच्या एका मुलाकडे हाच ४० वॅटवाला मिळाला. साडेसोळा हजारांत. वही समोर ठेवून अर्धा तास वाजवला, तो बिचारा घड्याळ बघत बसला होता. चांगली वायर आणि अर्थिंगवाला एक्स्टेन्शन बोर्ड यांना बाराशे गेले. उरले ४,३००. ते पुण्याच्या नावानं ठेवलेत.

आता खरं सांगायचं तर ॲम्प बदलल्यानं मी जास्त चांगली वाजवायला लागले, असं काही नाही. मी हळू वाजवायला लागले. ऐकू येतं म्हटल्यावर बोटांना मारामारी करावी लागत नाही, ड्रमरचा किक आणि माझी तार एकाच जागी पडतात. पहिल्या रविवारी दोन गाणी झाल्यावर गायक थांबला. म्हणाला, ‘‘आज गानं भरून वाटून राहिलं बा.’’ कोरसचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आई अजून त्याला खोकंच म्हणते. पण परवा तिनं विचारलं, की याचे पैसे वसूल व्हायला किती कार्यक्रम लागतील? दीड हजाराच्या हिशेबानं अकरा. चार झालेत, सात बाकी. पुण्याचा विचार त्यानंतर.

आणि हो, १५ वॅटचा जुना ॲम्प विकायचा आहे. खोलीपुरता एकदम झक्कास. ड्रमच्या शेजारी मात्र ठेवू नका!