दार-ए-सलामला बिऱ्हाड हलवताना

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आपल्या लेकीला घेऊन घरी आल्या. जावयांना टांझानियात, दार-ए-सलाम शहरात नोकरी लागली आहे. लेक आणि चार वर्षांचा नातू मागाहून जाणार. "काकू, तुम्ही तिथं चार वर्षं राहून आलात. काय काय न्यायचं त्याची यादी द्या," मुलगी म्हणाली. वहिनींनी तिला मध्येच धीर दिला, "अगं, आफ्रिका झाली तरी उष्ण देशच ना? आंबे, नारळ, पाऊस, डास, सगळं आपल्यासारखंच. त्यात काय शिकायचंय?"

अगदी हेच वाक्य २०१५ साली निघताना मी माझ्या सासूबाईंना म्हटले होते. त्या एका समजुतीपायी आमच्यावर केवढा प्रसंग आला, ते मुलीला सांगितले. अशी बिऱ्हाडे आता बेळगावातून बरीच हलतात, म्हणून इथेही सांगते.

सारखेपणा आहे, हे खरे. तिथल्या स्वाहिली भाषेत गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी' म्हणतात. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'काचुंबारी' आणि रिक्षाला चक्क 'बजाजी'! शतकानुशतके शिडाची गलबते वाऱ्यावर कच्छ-गुजरातहून तिकडे जात, त्याची ही खूण. पण गंमत पुढेच आहे. तिथे 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. शब्द ओळखीचा वाटला म्हणून अर्थही तोच असेल, असे धरून चालले की फसगत झालीच. देशाचेही तसेच आहे.

पहिली फसगत हवेची. आपले बेळगाव अडीच हजार फुटांवर, गरिबांचे महाबळेश्वर. दार-ए-सलाम समुद्रकाठी आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून ऋतू उलटे. डिसेंबर ते मार्च जीव नकोसा करणारा उकाडा, तर जून ते ऑगस्ट त्यातल्या त्यात सुखाचे दिवस. मोठा पाऊस, 'मासिका', मार्च ते मे. लहान पाऊस, 'वुली', साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. दमट हवेने माझ्या दोन रेशमी साड्यांवर आणि यांच्या चामड्याच्या बुटांवर पहिल्याच पावसात बुरशी धरली. तेव्हा रेशीम इथेच ठेवावे आणि सुती कपडे जास्त न्यावेत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावे. पहिले पंधरा दिवस भर दुपारी बाहेरची कामे काढू नयेत. पाणी उकळून, गाळूनच प्यावे.

दुसरी फसगत घड्याळाची. नळ दुरुस्त करणारा 'फुंडी' (कोणत्याही कारागिराला हाच शब्द) 'सा म्बिली'ला, म्हणजे दोन वाजता, येतो म्हणाला. आम्ही सकाळी बाजार उरकून दोनपासून वाट पाहत बसलो. तो सकाळी आठला येऊन दाराशी "होडी, होडी" अशी हाळी देऊन परत गेला होता! तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला आणि आठ म्हणजे दोन. आपल्याकडे पूर्वी घटका सूर्योदयापासूनच मोजत, हे आठवून मग हसू आले. वेळ ठरवताना सकाळ की दुपार हे विचारून घ्यावे.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही मामाच म्हणत असू. आपल्याकडे 'बाळूची आई' म्हणतात, तसे तिथे 'मामा' पुढे थोरल्या मुलाचे नाव लावून हाक मारतात. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणून नमस्कार करायचा, त्यांनी 'मराहाबा' म्हणायचे, हा रिवाज मामांनीच मला शिकवला. त्या दोरीवरचा प्रत्येक कपडा, अगदी आतले कपडे आणि पायपुसणेसुद्धा, इस्त्री करत. मला वाटे, विजेची उगाच उधळपट्टी. वीज तिथे आधी पैसे भरून घ्यावी लागते. एकदा त्यांच्या सुट्टीत मी धाकट्याचा बनियन तसाच त्याच्या अंगात घातला. आठवड्याने त्याच्या पाठीवर गळवासारखे दोन फोड आले आणि डॉक्टरांनी त्यांतून अळ्या काढल्या. मँगो फ्लाय नावाची माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते आणि अळी कातडीत शिरते. कडक इस्त्रीने ती मरते. मामांना हे ठाऊक होते. मी कधी विचारलेच नव्हते.

तरीही शहाणपण आले नाही. मे २०१६, मुसळधार पाऊस. शनिवारी संध्याकाळी यांना थंडी वाजून ताप भरला. आम्ही म्हटले, भिजल्याचे निमित्त. तापाची गोळी दिली, गवती चहाचा काढा दिला. रविवारी ताप उतरला, यांनी मऊ भात खाल्ला, आम्ही निश्चिंत झालो. सोमवारी सकाळी मामा आल्या, यांच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "मलेरिया. हॉस्पिटल, लेओ." लेओ म्हणजे आज. मी जरा ठसक्यातच सांगितले, "आमच्याकडेही डास असतात, ताप आम्हाला नवा नाही." त्या काहीच बोलल्या नाहीत. झाडू ठेवून दिला, माझी पर्स खुंटीवरून काढून हातात दिली आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

दवाखान्यात बोटाला टोचून रक्त घेतले आणि पाव तासात निदान झाले: फाल्सिपेरम मलेरिया. ताबडतोब भरती केले. आणखी एक दिवस गेला असता तर मेंदूवर गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी हे घरी आले. त्या तीन रात्री मी बाकावर बसून काढल्या आणि मामा माझ्या दोन मुलांजवळ आमच्या घरी निजल्या. ठसक्यात बोललेले ते वाक्य अजून मला टोचते.

नंतर समजून घेतले ते असे. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचाराला उशीर झाला तर तो एका दिवसातही जिवावर बेतू शकतो. मधे ताप उतरला म्हणजे बरे वाटले, असे समजू नये. तिथे जन्मापासून वाढलेल्या मोठ्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते. आपण डासांच्या देशातले असलो तरी ती आपल्या अंगात नसते. म्हणून तिकडे ताप आला की त्याच दिवशी तपासणी करावी. मलेरिया निघाला नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासावे. औषध लावलेली मच्छरदाणी बाराही महिने लावावी. प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मूल लहान असेल किंवा दिवस गेले असतील तर नक्कीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. २०१४ आणि २०१९ साली तिथे डेंग्यूची मोठी साथ आली होती. तेव्हा निदान होण्यापूर्वी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्या मनाने घेऊ नयेत. आणि बेळगावी सुट्टीला आल्यावर काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे, "आम्ही आफ्रिकेतून आलो आहोत." नाहीतर इथे कुणाच्या ते मनातही येणार नाही.

आता बाकीचे थोडक्यात. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते. ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून तिचा दाखला आयुष्यभर चालतो. आपल्याला ती लागते का, हे निघण्याच्या सुमारास विचारून घ्यावे. कामाचा परवाना आणि राहण्याचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत. दोन्हींची व्यवस्था कंपनीकडून आधीच करून घ्यावी. 'पर्यटक व्हिसावर चला, मग बघू' असे कुणी म्हटले तर जाऊ नये. जून २०१९ पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. सामानात कापडी पिशव्याच असाव्यात.

रविवार पेठेतून महिन्याचा किराणा भरून नेण्याची गरज नाही. डाळी, मसाले किसुटू भागातल्या दुकानांत मिळतात. ज्वारीला तिकडे 'म्तामा' म्हणतात, तिची भाकरी होते. 'म्चिचा' म्हणजे माठासारखी पालेभाजी. कुकरच्या जास्तीच्या दोन रिंगा आणि शिट्टी मात्र न्यावी. गणपतीत मराठी मंडळी भेटतातच, पण पहिली ओळख शेजारणीशी करावी.

मुलीने सगळे लिहून घेतले. दारात चप्पल घालताना तिने विचारले, "काकू, भाषा येत नसताना कामाच्या बाईंशी बोलायचं कसं हो?"

म्हटले, पहिल्या दिवशी 'शिकामू' म्हण. आणि त्या काही सांगायला लागल्या, तर हातातले काम ठेवून ऐक.