तुमच्यात किती लेकरं?

अकोल्याच्या गाडीत कोणीतरी विचारतंच, "बार्शीटाकळीचे का? तिकडे तुमची लोकसंख्या लय वाढली म्हणतात." विचारणारा बहुतेकदा भला माणूस असतो, म्हणून सांगत बसतो. आमच्या दादीला नऊ लेकरं, अम्मीला पाच, आम्हाला दोन. हे आमच्याच घरचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 साली देशात मुस्लिम बाईमागे सरासरी 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.4. हिंदूंमध्ये 3.3 वरून 1.9. फरक उरलाय, पण तो आटत चाललाय. पोरी शाळेत टिकल्या की पाळणा आपोआप लांबतो, मग घर कोणाचंही असो.

आणि आपला जिल्हा? 2001 ते 2011 मध्ये अकोला 16.30 लाखांवरून 18.14 लाखांवर गेला. वाढ 11 टक्के, राज्याची 16. आमच्या गल्लीतली तरणी पोरं तर पुण्या-मुंबईकडे निघून गेली.

2021ची जनगणना झालीच नाही. रेशनचा कोटा 2011च्याच आकड्यावर बांधलेला, त्यामुळे नवं नाव चढवायचं तर खेटे घालावे लागतात. शेजारच्या सुनेचं लेकरू यंदा तिसरीत गेलं, कार्डावर अजून आलेलं नाही.