नववा हिस्सा

हल्ली फोटो काढायला अक्कल लागत नाही. छापायला मात्र गणित लागतं. मोबाईलचा फोटो बहुधा ४ : ३ मापाचा आणि स्टुडिओचा कागद ६ बाय ४ चा. कागद पुरता भरायचा तर फोटोचा नववा हिस्सा कापावा लागतो. आडव्या फोटोत एक तर डोकी जातात, नाही तर पाय!

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं आणि आमच्या अल्बमांचा लगदा झाला. पोलादपूरच्या आत्याचा एकच फोटो उरला, तोही लग्नाच्या घोळक्यातला, व्हॉट्सॲपवरून आलेला. हे व्हॉट्सॲप फोटो सुकटीसारखा वाळवून पाठवतं. मूळ फोटो मागावा, तर तो मोबाईलही पुरात गेलेला.

"आत्याबाईंना तेवढं कापून मोठं करा की!" इति सौ.

चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. आत्याच्या वाट्याला रुंदीत ठिपकेच आले होते ३००. म्हणजे भिंतीवर आत्या पोस्टाच्या तिकिटाएवढी! ताणून कणीक वाढते, ठिपके नाहीत. ताणली असती तर आत्याचं नाक धुक्यातल्या वरंध घाटासारखं दिसलं असतं.

शेवटी दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी सोडून अख्खा घोळका छापला. आत्या इंचभरच आहे, पण ओळखू येते. जिनं जन्मात पंगतीतून कुणाला उठवलं नाही, तिच्या शेजारची माणसं आपण कोण कापणार?