शिसपेन्सिलीचे ठिपके

काका एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवर गाड्या पुकारून कमावलेला त्यांचा आवाज विंगेत मात्र एका नटाच्या कानापुरताच उरायचा. आमच्या मंडळाच्या नाटकांना ते वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग करत आलेले. नाटक कसं बसवतात हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि ते शिकायला मला माझंच नाटक बसवावं लागलं.

२००५ च्या पुरात सांगलीतल्या आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. त्या दिवसांत जो भेटेल तो एकच विचारायचा, आयर्विन पुलाला किती फूट? धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी पन्नाशीच्याही वर गेलं. ओसरल्यावर आईनं घर धुवायला काढलं. गाळ उपसता उपसता ती जे बोलली, त्यातून माझं पहिलं दोन अंकी नाटक झालं.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी ते करायचं ठरलं तेव्हा दिग्दर्शन मीच करणार, असा मी हट्ट धरला. सतीश आळेकरांनी १९७४ साली ‘महानिर्वाण’ स्वतः लिहून स्वतःच बसवलं होतं, हे उदाहरण मी भेटेल त्याला ऐकवत होतो. खरं कारण वेगळं होतं. आईचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची मला भीती वाटत होती.

शाळेच्या हॉलमध्ये रात्री आठला तालीम सुरू व्हायची. मी संहिता उघडतच नसे, कारण सगळं पाठ होतं. नट बोलत असताना माझे ओठ हलायचे. कुणी ‘आणि’च्या जागी ‘अन्’ म्हटलं तरी मी तालीम थांबवायचो. आज आठवलं की त्या मुलांचा कळवळा येतो. दिवसभर नोकरी करून ती येत, आणि मी त्यांच्याकडे बघतसुद्धा नसे; नुसता ऐकत असे.

दुसऱ्या अंकात आईचं दीड पानाचं स्वगत होतं. ते करणाऱ्या बाई अनुभवी होत्या. बाकी सगळं त्यांना चोख यायचं, पण ‘आयुष्यभर मी या घराची भिंत होऊन राहिले’ या वाक्यापाशी त्या हटकून अडायच्या. तीन आठवडे हेच चाललं होतं. एका रात्री मी सगळ्यांदेखत त्यांना पाठांतरावरून बोललो. त्या काही न बोलता पर्स उचलून घरी गेल्या.

हॉलला कुलूप लावताना काकांनी त्यांची प्रत माझ्या हातात दिली. “घरी जाऊन समास बघ,” एवढंच म्हणाले.

समासात शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके होते. जिथं नट अडला तिथं एक ठिपका, पुन्हा अडला की त्याच्याशेजारी दुसरा. बहुतेक पानांवर एखाददुसराच विखुरलेला होता. बारा जागी मात्र मुंग्यांची रांग लागावी तसे दिसत होते. भिंतीच्या वाक्यासमोर मी एकोणीस मोजले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. काकू चहा ठेवून आत गेल्या तेव्हा काका म्हणाले, “नट विसरला तर रोज वेगळीकडं विसरतो. रोज एकाच जागी अडला तर वाक्य बघायचं. त्या बाई अडत नाहीत रे. त्यांच्या तोंडात तू अडतोयस.”

मी आईची वाक्यं आठवू लागलो. बादल्या, फडकी, भिजलेली रेशनकार्डं, कुजलेले तांदूळ. भिंत होऊन राहिले असं ती म्हणाली नव्हती. ते माझं होतं, आणि मला ते फार आवडत होतं.

त्या संध्याकाळी आधी बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. तालमीत त्यांना विचारलं, इथं वाक्य नसेल तर काय कराल? त्यांनी थोडा विचार केला आणि उठून नेपथ्याच्या फ्लॅटपाशी गेल्या. त्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ रंगवलेली होती. त्या रेघेवर बोट ठेवून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, मग पदराला बोट पुसलं. तालमी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच मी माझं नाटक बघत होतो. ते वाक्य मी स्वतःच्या हातानं खोडलं. बारापैकी नऊ जागा गेल्या. तीन ठेवल्या, आणि त्यातली एक आजही खटकते.

प्रयोग भावे नाट्यमंदिरात झाला. अंतिम फेरी मिळाली नाही. भिंतीच्या वाक्याच्या जागी बाई चालू लागल्या तेव्हा मी विंगेत पाहिलं, तर काकांनी बॅटरी विझवली होती आणि मिटलेली संहिता मांडीवर ठेवून तेही बघत होते. आई तिसऱ्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, “रेघ आपल्या घरात याच्यापेक्षा वर होती.”

हस्तपत्रिकेत चहा आणणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांची नावं होती. काकांनी स्वतःचं घालू दिलं नाही. “प्रॉम्प्टरचं नाव वाचलं की प्रेक्षकाला वाटतं, मंडळींचं पाठ नाही,” म्हणाले. पुढं दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर मी चार नाटकं लिहून बसवली. तालमीत माझ्या हातात शिसपेन्सिल असते, आणि काकांचं नाव अजून कुठल्याच हस्तपत्रिकेत मी घातलेलं नाही.