दुसरा जीपीएस कुठला घेऊ?

परवा ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "अरे, फ्लाईंगसाठी पोर्टेबल जीपीएस कुठला घेऊ?" तो नुकताच विमान चालवायला शिकायला लागलाय आणि बहुतेक शिकाऊ मंडळींसारखाच विमानाआधी त्यातल्या गॅजेट्सच्या प्रेमात पडलाय. मी त्याला एका ओळीत मॉडेल नंबर कळवू शकलो असतो. पण खरं उत्तर एका ओळीत मावत नाही, आणि त्यात माझी थोडी अब्रूही गुंतलेली आहे. म्हटलं, या वीकेंडला लिहूनच टाकू.

"विमान? आणि हा?" असं ज्यांच्या मनात आलं त्यांच्यासाठी: मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो आणि सुट्टीच्या दिवशी रीड-हिलव्ह्यू नावाच्या छोट्या विमानतळावरून सेस्ना 172 उडवतो. चार सीटचं, एका पंख्याचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं विमान. माझं नाही, तासावर भाड्याने. सांगलीला आईला अजून वाटतं की भाड्याने म्हणजे ड्रायव्हरसकट. मीही तिचा गैरसमज दूर केलेला नाही :)

तर गोष्ट 2024 च्या जुलैतली. तेव्हा मी शिकाऊ होतो. इथे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स मिळवायचं तर एकट्याने एक लांबचा प्रवास करून दाखवावा लागतो. एकूण किमान 150 सागरी मैल, तीन ठिकाणी उतरून पूर्ण थांबायचं, आणि एक टप्पा तरी 50 मैलांहून लांब. मी ठरवलेला मार्ग असा: सॅन होजेहून डोंगर ओलांडून पूर्वेला मर्सेड, तिथून सलिनास आणि मग घरी. आदल्या रात्री टॅबलेटवरच्या अ‍ॅपमध्ये सगळा रूट भरला. त्या अ‍ॅपमध्ये तुमच्या मार्गाची एक जांभळट गुलाबी रेघ दिसते, पायलट लोक तिला मजेंटा लाईन म्हणतात. विमानाचं छोटं चित्र त्या रेघेवर ठेवलं की झालं. इतकं सोपं की व्हिडिओ गेम वाटावा.

डोंगर ओलांडले, खाली सॅन लुईस जलाशय दिसला, सगळं कसं पुस्तकातल्यासारखं. पुढे लॉस बॅनोस गाव मागे पडलं आणि सेंट्रल व्हॅली सुरू झाली. म्हणजे सपाट शेतं, बदामाच्या बागा, कालवे, परत शेतं. सगळी चौकोनी आणि सगळी एकसारखी. काचेतून येणारं ऊन थेट टॅबलेटवर पडत होतं. आणि मग स्क्रीन काळी झाली. त्यावर एक नम्र सूचना: उपकरण गरम झालं आहे, वापरण्याआधी थंड होऊ द्या.

मी घाबरलो नाही. इंजिनियर माणूस, बॅकअप तयार होता. तेच अ‍ॅप फोनवरही घातलं होतं. फोन समोर काचेजवळ चार्जरला लावून ठेवला होता. हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. त्याच्यावरही तीच नम्र सूचना.

आता कागदी नकाशा. तो होता. मागच्या सीटवर, बॅगेत, चेन लावलेली. एकटा माणूस ताशी दोनशे किलोमीटरने उडताना मागे वळून बॅग उघडू शकत नाही. प्रयत्न केला, विमान एका बाजूला कलंडायला लागलं, नाद सोडला.

म्हटलं, ठीक आहे, दिशा माहीत आहे, तीच धरून जाऊ. इथे दुसरी चूक उघडी पडली, ती मात्र उन्हाची नव्हती. दिशा दाखवणारं जे यंत्र समोर असतं ते गायरोवर चालतं आणि हळूहळू सरकत जातं. दर पंधरा मिनिटांनी चुंबकीय होकायंत्राशी जुळवून ते नीट लावायचं असतं. ते मी उड्डाणानंतर एकदाही केलं नव्हतं. कशाला करू? मजेंटा लाईन होती ना! होकायंत्राकडे पाहिलं तर दोघांत पंधराएक अंशांचा फरक. म्हणजे स्क्रीन गेल्यापासून मी ज्या दिशेने निघालो होतो ती माझी दिशाच नव्हती.

थोड्या वेळाने समोर धावपट्टी दिसली आणि जीव भांड्यात पडला. मर्सेडला कंट्रोल टॉवर नाही, त्यामुळे तिथे येणारं प्रत्येक विमान रेडिओवर स्वतःच सांगतं की मी अमुक ठिकाणी आहे, उतरायला येतोय. मीही आत्मविश्वासाने सांगितलं. उतरायच्या तयारीला लागलो. पण धावपट्टी जरा जास्तच लांब वाटत होती. आणि तिच्या शेजारी रांगेने भलीमोठी जुनी विमानं उभी. बी-52 बॉम्बर! मर्सेडला बॉम्बर कुठून आले?

ते मर्सेड नव्हतंच. ते होतं कॅसल. 1995 साली बंद झालेला हवाई दलाचा तळ, आता नागरी विमानतळ, शेजारी जुन्या लष्करी विमानांचं संग्रहालय. मर्सेडपासून जेमतेम सहा-सात मैल वायव्येला, आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेने आखलेल्या. फरक इतकाच की कॅसलची साडेतीन किलोमीटरहून लांब आणि मर्सेडची तिच्या निम्मी. कॅसलला टॉवर आहे. त्याच्याशी बोलल्याशिवाय त्याच्या हद्दीत शिरायचं नसतं, आणि मी त्या हद्दीच्या उंबरठ्यावर होतो. शिवाय मर्सेडच्या आसपासची मंडळी मला भलत्याच आकाशात शोधत असणार, ते वेगळंच.

वाट चुकल्यावर काय करायचं ते आम्हाला पाच 'सी' म्हणून पाठ करून घेतात: क्लाईंब, कम्युनिकेट, कन्फेस, कम्प्लाय, कॉन्झर्व्ह. वर चढा, संपर्क साधा, चूक कबूल करा, सांगतील ते ऐका, इंधन वाचवा. यातला तिसरा सगळ्यात अवघड, निदान आमच्या जमातीला. सकाळच्या मीटिंगमध्ये "मी अडकलोय" म्हणायच्या आधी आम्ही दोन दिवस काढतो. पण त्या दिवशी वळलो, वर चढलो आणि कॅसल टॉवरला सांगून टाकलं: शिकाऊ पायलट आहे, मर्सेड समजून इकडे आलो, नक्की कुठे आहे खात्री नाही. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे दिशा सांगितली. पाच मिनिटांत खरं मर्सेड समोर होतं. उतरल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल? बॅगेतून नकाशा काढला.

संध्याकाळी इन्स्ट्रक्टर रागावला नाही. साठी उलटलेला माणूस, त्याने फक्त विचारलं, "बॅकअप काय होता?" म्हटलं, फोन. "तो का बंद पडला?" म्हटलं, उन्हाने. "आणि टॅबलेट?" ... मी गप्प.

मंडळी, हे मला कळायला हवं होतं. एकाच प्लगवर दोन सर्व्हर लावून "आमच्याकडे बॅकअप आहे" म्हणणाऱ्यांना मी ऑफिसात हसतो. इथे मी तेच केलं होतं. दुसरी वस्तू जवळ असली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. पहिली ज्या कारणाने बंद पडेल त्याच कारणाने दुसरी बंद पडता कामा नये. जीपीएस निवडताना मी हा एकच प्रश्न विचारायला हवा होता.

त्यानंतर महिनाभर मी पर्याय तपासले. एक्सेल शीट अर्थातच झाली. बायको म्हणाली, लग्नाला हो म्हणताना इतके रकाने केले नव्हतेस.

पहिला पर्याय, टॅबलेटला थंड ठेवायचं. मागे पंखा असलेले होल्डर मिळतात. अशा टॅबलेटच्या माहितीपत्रकात साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहिलेलं असतं, आणि व्हॅलीतला जुलै त्यापुढे सहज जातो. पंखा उपयोगी आहे, पण तो टॅबलेटला जगवतो, टॅबलेट गेल्यावर मला नाही.

दुसरा, बाहेरून जोडायचा छोटा रिसीव्हर. आयपॅड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नुसत्या वायफायवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस नसतोच, सेल्युलरवाल्यात असतो. हा रिसीव्हर ती उणीव भरून काढतो, आसपासची विमानं दाखवतो आणि अमेरिकेत जमिनीवरून फुकट प्रसारित होणारं हवामानही पकडतो. मोह पडावा असाच आहे. पण दाखवणार कुठे? त्याच टॅबलेटवर. आणि त्या हवामानाचीही एक गोम आहे. पावसाचं रडारचित्र स्क्रीनवर ताजं दिसतं, पण गोळा होऊन पोचेपर्यंत त्याचं खरं वय लिहिलेल्या वयापेक्षा 15 ते 20 मिनिटांनी जास्त असू शकतं. काही अपघातांनंतर तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली तसा इशाराच काढला. वादळाला लांबून वळसा घालायला हे चित्र ठीक, दोन ढगांमधली फट शोधायला नाही.

तिसरा पर्याय, फक्त विमानासाठी बनवलेला हातातला जीपीएस. 2000 च्या दशकात लोक गार्मिनचे 296, 396, 496 वापरायचे, नंतर एरा मालिका आली. पाच इंची एरा 660 2016 चा, सात इंची एरा 760 2020 चा. यांच्याकडे टॅबलेटची ऐट नाही. पण उन्हात स्क्रीन वाचता येते, रिसीव्हर आतच असतो, आणि कॉकपिटमधलं ऊन गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. 660 ची बॅटरी काढून दुसरी घालता येते. खर्चाचं मात्र आधीच बघा. यंत्राची किंमत एकदाच द्यायची, पण विमानतळ, रेडिओ आणि हवाई हद्दींचा डेटाबेस दर 28 दिवसांनी बदलतो आणि त्याचे पैसे वर्षानुवर्षं जातात.

शेवटी मी वापरलेला एरा 660 घेतला, एका निवृत्त होणाऱ्या पायलटकडून. मोठा 760 जास्त सुंदर दिसतो, पण बॅकअपला सौंदर्य कशाला? छोटा असल्यामुळे तो सावलीत बसवता येतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: कुठलाही पोर्टेबल घेतलात तरी तो मदतनीसच. ढगात शिरून नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उडायचं तर विमानात बसवलेली प्रमाणित यंत्रणाच लागते. दिवसा, उघड्या हवामानात उडायला कायदा जीपीएस मागतच नाही. होकायंत्र मात्र मागतो.

पण टॅबलेट आणि एरा दोघांचं एक कारण अजून सामाईकच राहतं. ते म्हणजे वरचे उपग्रह. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो, तो दाबून टाकणं कठीण नाही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात लष्कराच्या चाचण्या असल्या की अमुक वेळेत जीपीएसवर विसंबू नका अशी सूचना पायलटना आधी मिळते. तेव्हा हजार डॉलरचं यंत्र आणि दोन हजारांचं यंत्र सारखंच आंधळं. म्हणून तिसरी वस्तू कागदाची. पाच लाखास एक प्रमाणाचा नकाशा, एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर. तो आता मागच्या सीटवर नसतो, मांडीवर असतो, दुमडून, मार्ग वर येईल असा.

हे वाचताना एक जुनी घटना पुन्हा समोर आली. 1 सप्टेंबर 1983 ला कोरियन एअर लाईन्सचं 007 हे विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. 269 माणसं गेली. त्यानंतरच रेगन यांनी जीपीएस जगातल्या नागरी विमानांना खुला करायचं जाहीर केलं. पुढे 2000 च्या मे महिन्यात त्यात मुद्दाम ठेवलेली चूकही काढून टाकली गेली आणि तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आला. पण 1993 च्या तपासात काय निघालं? त्या विमानातली मार्ग दाखवणारी यंत्रणा बिघडली नव्हती. ऑटोपायलट तिच्याशी जोडलाच गेला नव्हता, तो एकच दिशा धरून जात राहिला, आणि पाच तासांहून जास्त वेळ ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बारा मिनिटांची त्याच्याशी तुलना करायची माझी लायकी नाही. पण यंत्र चालू असताना ताडून न पाहणं मला ओळखीचं वाटलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आता माझा एक नियम आहे. दर दहा मिनिटांनी आधी खिडकीतून बाहेर बघायचं, नकाशावर बोट ठेवायचं, मनात म्हणायचं "मी इथे आहे", आणि मग स्क्रीन बघायची. उलट क्रमाने नाही. उलट केलं की डोळ्यांना स्क्रीनवरचंच खाली दिसायला लागतं. त्याच वेळी गायरो होकायंत्राशी जुळवायचा. सगळं मिळून अर्धं मिनिट.

लायसन्स मिळाल्यावर बायको पहिल्यांदा बसणार होती तेव्हा तिने विचारलं, "आणि हे सगळं बंद पडलं तर?" पूर्वी मी तिला बॅटरीचे तास सांगितले असते. या वेळी नकाशा तिच्या हातात दिला. 2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही कॅसललाच गेलो, ठरवून, टॉवरला रीतसर सांगून, बॉम्बर बघायला. व्हॅलीत शिरल्यावर तिने नकाशावरून मान वर केली आणि म्हणाली, "डावीकडे ती लांब पट्टी दिसतेय, तीच ना? तू चुकून उतरणार होतास ती?" मी एराकडे पाहिलं. बरोबर होतं. तिला आधी दिसलं होतं.

असो. मित्रा, मॉडेल नंबर मेलवर पाठवतो. नकाशा मात्र या आठवड्यातच घे, आणि मागच्या सीटवर ठेवू नकोस.