शिकार गेली, चव राहिली

जोधपूरला येणारा पर्यटक मेहरानगड पाहतो, मिरची वडा खातो आणि जैसलमेरची वाट धरतो. एखादी संध्याकाळ मोकळी असेल, तर उघड्यावर चुलीवर शिजणारे ‘जंगली मांस’ जरूर पाहावे. त्याचे साहित्य ऐकून मराठी गृहिणीला हसूच येईल. मांस, तूप, मीठ आणि सुक्या लाल मिरच्या, बस्स! ना कांदा, ना लसूण, ना गरम मसाला. शिकारीवर निघालेल्या राजपुतांजवळ रानात दुसरे असणार तरी काय? तुपात मांस परतायचे, मिरच्या अख्ख्याच टाकायच्या आणि पाण्याचा हबका मारत मंद आचेवर शिजू द्यायचे. पाणी एकदम ओतले की सारे बिघडले. मिरची मात्र जोधपूरजवळच्या मथानियाचीच हवी.

दुसरा प्रकार ‘खड’, म्हणजे खड्डा. त्यात निखारे पसरून, मसाला लावलेला ससा पोळ्यांत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून पुरायचा. रायगडची पोपटी खाल्लेल्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पण ससा आता विसरायचा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही थांबली. याच मुलखातल्या बिश्नोईंनी तर काळविटाला कायद्याच्या कितीतरी आधीपासून जीव लावला आहे. तेव्हा आज पातेल्यात बोकड असतो, खड्ड्यात कोंबडी. आच मात्र तीच.

सोबत बाजरीचा सोगरा मागावा. मिरच्या ताटाच्या कडेला काढून ठेवलेल्या बऱ्या!