उन्हाळ्याची मावशी

२०२३ च्या मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, ते जग पाहायला नव्हे, भाचा सांभाळायला. आमची धाकटी जर्मनीत फ्रायबुर्ग गावी असते. तिची नोकरी नवी, यजमान सोमवार ते गुरुवार बाहेरगावी, आणि चार वर्षांच्या लेकाच्या बालगृहाने शिक्षिका पुरेशा नाहीत म्हणून दुपारी एकलाच दारे लावायला सुरुवात केलेली. तिकडे २०१३ पासून वर्षावरच्या प्रत्येक मुलाला बालगृहात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण हक्क काही मुलाचे नाक पुसत नाही, त्याला माणूस लागते.

"ताई, तुला सुट्टीच आहे ना? ये ना गं!" धाकटी फोनवर म्हणाली. आमच्या वाईच्या बालवाडीला जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी होतीच. बॅगेत मेतकूट, भाजणी नि माझ्या तीन कादंबऱ्यांची एकेक प्रत घातली. तिथे कोण वाचणार होते म्हणा! पण परक्या मुलखात आपली ओळख आपल्याजवळ असलेली बरी.

पहिला धक्का दिला तो उजेडाने. रात्रीचे नऊ वाजून गेले तरी दिवस मावळेना. अशा उजेडात मुलाला निजवायचे कसे? त्यासाठी तिकडे खिडक्यांना बाहेरून झडपा असतात. पट्टा ओढला की खोलीत भर दिवसा अमावास्या! मी ती अमावास्या पाडायची, अंगाई म्हणायची, आणि हळूच बाहेर येऊन पाहायचे तो ओट्यावर पुन्हा ऊन. रविवारी सगळी दुकाने बंद, रस्ता असा शांत की कुणी गेले की काय असे वाटावे. मे-जूनमध्ये बाजारात पांढऱ्या शतावरीच्या जुड्या येतात नि सारे गाव तिच्यावर तुटून पडते. मीही चाखली. आपल्या शेवग्याच्या शेंगेची सर नाही तिला. पण हे मी तिथे बोलले नाही.

भाचा गोड, पण महा करारी. वरणभाताचा घास तोंडाशी नेला की मान मागे घेई नि ओरडे, "आलाइन!" म्हणजे एकट्याने, माझे मीच. बुटाचे बंद, शर्टाची बटणे, जिना, सगळे आलाइन. आम्ही बालवाडीच्या शिक्षिका फ्रोबेलचे नाव आदराने घेतो. १८४० साली 'किंडरगार्टन' हा शब्द त्याच जर्मन गृहस्थाने दिला. मुलाला त्याचे त्याला करू द्या, हे मी वीस वर्षे पालकसभेत सांगत आले आहे. पण सभेत सांगणे वेगळे, आणि भुकेल्या भाच्यापुढे हात आवरून बसणे वेगळे.

तिकडची दारेही त्याच्यासारखीच करारी. ओढून घेतले की आपोआप बंद. चावीवाचून बाहेरून उघडणे नाही. घरात चाव्या दोनच. यजमान बाहेरगावी असत तोवर त्यांची माझ्याजवळ असे. गुरुवारी रात्री मी ती परत करायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा कचरा टाकायला भाच्याला घेऊन खाली उतरले, आणि दार बंद झाले. चावी आत. भाच्याच्या पायात नुसते मोजे, माझ्या अंगावर गाऊन नि हातात रिकामी बादली. तेव्हा शेजारच्या घरातून एक मुलगी धावत आली नि आम्हांला आत घेऊन गेली. ती जॉर्जिया देशातली, कुटाइसी गावची, विशी-बाविशीची. शेजाऱ्यांची दोन मुले सांभाळायला आलेली. भाचा म्हणतो म्हणून तीही मला 'मावशी' म्हणू लागली. दोघींचे इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे गप्पा छान जमल्या.

पुढच्या शनिवारी धाकटीने बागेत शेजाऱ्यांना बोलावले. मी सकाळपासून बटाटेवडे तळीत होते. वड्यांचे कौतुक झाले, कुणी विचारले या कोण, आणि धाकटी हसत हसत म्हणाली, "ही माझी मोठी बहीण. या उन्हाळ्यापुरती आमची ऑ पेअर!" सगळे हसले. मीही हसले. त्या जॉर्जियाच्या मुलीने मात्र माझ्याकडे पाहून मान खाली घातली.

सोमवारी खेळाच्या मैदानातल्या बाकावर मी तिला त्या शब्दाचा अर्थ विचारला. शब्द फ्रेंच. अर्थ, बरोबरीच्या नात्याने. घरच्या माणसासारखे राहायचे, मुले सांभाळायची, भाषा शिकायची. तिच्याजवळ कराराचा कागद होता: आठवड्याला ३० तास काम, दीड दिवस सुट्टी, स्वतंत्र खोली, महिना २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी वर ७०. आणि घराची स्वतःची चावी. ती तिने मला मुद्दाम दाखवली. जेवायला ती त्यांच्याच टेबलाशी बसे. "पण पाहुणे आले की ताटल्या कुणी उचलायच्या," ती म्हणाली, "हे कागदात नाही."

त्या रात्री मी वहीत हजेरी मांडावी तसे माझे तास मांडले. बेरीज ५३ आली. मग त्या बेरजेचीच लाज वाटली. पान टरकावले, आणि ते तुकडे घरातल्या चार डब्यांपैकी नेमक्या कोणत्या डब्यात टाकायचे ते आठवेना!

माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्याच महिन्यात आई गेली. मी सोळाची, धाकटी सहाची. कॉलेजचा अर्ज आणून ठेवला होता, तो आईच्या पेटीत तसाच राहिला. हे मी धाकटीला कधी ऐकवले नाही. इथेही ऐकवणार नव्हते. पण झोप येईना.

दुसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर म्हटले, "बुधवारची दुपार मला हवी."

"का गं? कुठं जायचंय?"

"कुठं नाही. नुसती हवी."

ती थांबली. "ताई, त्या दिवशी मी चेष्टेनं म्हटलं गं."

"ठाऊक आहे मला."

तिने भांड्यांच्या यंत्राचे दार जरा जोरातच लावले. पुढचे काही दिवस आमचे बोलणे भाच्यामार्फत चालले. "मावशीला विचार, पोळ्या आहेत का." मला तिचा राग येई नि लगेच वाटे, हिचा काय दोष? आईच्या जागी असलेल्या बहिणीने काही मागायचे नसते, हे तिला मीच तर शिकवले. सहाव्या वर्षापासून.

त्या आठवड्यातला बुधवार तसाच गेला. पुढच्या बुधवारी बरोबर दोन वाजता धाकटी कचेरीतून घरी आली. पर्समधून कोरी चावी काढून तिने माझ्या हातावर ठेवली. तिला लाल लोकरीचा गोंडा बांधलेला. "हरवू नकोस हं," ती म्हणाली. शाळेत जाताना तिच्या हातात कंपासपेटी देऊन मी रोज अगदी हेच म्हणत असे. दोघींच्याही ते एकदमच ध्यानात आले बहुधा, कारण ती घाईघाईने आत गेली नि मी घाईघाईने बाहेर पडले.

गावात लाल दगडाचे जुने चर्च आहे, त्याचा मनोरा ११६ मीटर उंच. तो पाहून मान दुखली तेव्हा खाली पाहिले. फ्रायबुर्गच्या रस्त्यांच्या कडेने वीतभर रुंदीचे पाट वाहतात, ड्रायझाम नदीच्या पाण्याचे. लोक त्यांना 'बेख्ले' म्हणतात. चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होते, असे तिथे मानतात. मी बिनलग्नाची, पंचेचाळिशीची. चपला काढल्या नि मुद्दाम दोन्ही पाय सोडून बसले. चुकून नव्हे, म्हणून भीती नव्हती! पाणी गार होते, वाईच्या घाटावर पहाटे असते तसे. तासभर मी काही केले नाही. कादंबरीचाही विचार केला नाही.

सहाला घरी परतले नि सवयीने घंटा वाजवली. आतून भाच्याचा आवाज आला, "कोण?"

"मावशी."

"चावी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे रे."

"मग आलाइन!" तो आतून ओरडला.